दर मार्चला एसीतला गॅस जातो कुठे?

मार्च उजाडला की माझा फोन सकाळी सातपासून वाजायला लागतो. कळंगुट, कांदोळी, म्हापसा, पर्वरी, कधी पार मांद्रेहून. निम्म्या फोनांवर वाक्य एकच असते: "एसी थंड करत नाही, गॅस संपलाय, येऊन भरून द्या." डिचोलीहून येऊन गोव्याच्या बार्देश तालुक्यात एसीची कामे करायला लागून मला बावीस वर्षे झाली. या सगळ्यांना मला एकच गोष्ट सांगायची असते, आणि हंगामाच्या धावपळीत ती फोनवर नीट सांगून होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

एसीतला गॅस संपत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. एसीतला कुठेच जळत नाही. तांब्याच्या बंद नळ्यांत तो गोल फिरत राहतो. खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, बाहेरच्या डब्यात ती उष्णता सोडून त्याचा पुन्हा द्रव होतो आणि फेरी नव्याने सुरू होते. नळ्या शाबूत असतील तर मशीन भंगारात जाईपर्यंत कारखान्यात भरलेला तोच गॅस चालतो. 'दर दोन वर्षांनी गॅस भरावा लागतो' हे जे सर्रास सांगितले जाते ते खोटे आहे. गॅस कमी झाला म्हणजे कुठेतरी भोक आहे. ते न शोधता गॅस भरणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे.

हे मला शिकवले ते कळंगुटच्या एका निवृत्त शिक्षिकेने. समुद्रापासून चालत पाच-सात मिनिटांवर त्यांचा फ्लॅट. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, आत आर-३२ गॅस (आर-२२, आर-४१०ए, आर-३२ ही एसीतल्या गॅसांची नावे). पहिल्या वर्षी दुसऱ्या कुणी गॅस भरला होता. पुढच्या मार्चला मी गेलो. त्या दिवशी माझ्याकडे आणखी सहा घरे होती. गेज लावला, प्रेशर कमी दिसले, गॅस सोडला, पैसे घेतले आणि निघालो. त्याच्या पुढच्या मार्चला बाईंचा पुन्हा फोन. गेलो तर त्या दारातच उभ्या. रागावल्या नव्हत्या, पण शाळेत फळ्यापाशी उभे करून विचारावे तसे विचारले, "बाळा, तू गॅस भरला होतास ना? मग तो गेला कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या दिवशी मी बाकीची सगळी कामे रद्द केली. काय सापडले ते पुढे सांगतो. आधी, गॅस खरोखर कमी आहे हे घरच्या घरी कसे ओळखायचे ते पाहू.

गॅस कमी असल्याच्या खुणा

पहिली खूण म्हणजे दिवस. एसी आजच अचानक बंद पडला असेल तर बहुतेक वेळा कारण विजेचे असते. गॅस हळूहळू जातो. मे महिन्यात खोली वीस मिनिटांत गार व्हायची, दिवाळीपर्यंत चाळीस मिनिटे लागू लागली, आणि आता रात्रभर मशीन चालूनही पंखा लावावा लागतो, अशी उतरण असेल तर गळतीचा संशय घ्यायला जागा आहे. थंडीच्या दिवसांत कुणाचे लक्ष जात नाही, म्हणून तक्रार मार्चमध्ये येते. गळती मात्र सहा महिने आधीच सुरू झालेली असते.

दुसरी खूण थर्मामीटरची. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. दारे-खिडक्या बंद करून रिमोटवर १६ अंश लावा, पंखा पूर्ण वेगावर ठेवा आणि वीस मिनिटे थांबा. १६ एवढ्यासाठी, की इन्व्हर्टर मशीन खोली गार झाली की स्वतःच मंदावते, आणि मग मोजमापाला अर्थ राहत नाही. आता वरून आत जाणाऱ्या हवेचे तापमान घ्या आणि खालून बाहेर पडणाऱ्या हवेचे घ्या. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक हवा. आपल्याकडच्या दमट हवेत मशीनची बरीच ताकद हवेतले पाणी काढण्यात जाते, त्यामुळे पावसाच्या तोंडावर ८ आला तरी मी मशीनला दोष देत नाही. पण फरक चार-पाच अंशांवर अडकला असेल तर काहीतरी बिघडले आहे. काय बिघडले, ते मात्र थर्मामीटर सांगत नाही.

ते सांगतात बाहेरच्या डब्याला जोडलेल्या दोन नळ्या. माझ्या दृष्टीने घरमालकाला कळू शकणारी सर्वांत भरवशाची खूण हीच. डबा गॅलरीत हाताशी असेल तरच पाहा. खिडकीबाहेर वाकून, छज्जावर उतरून अजिबात नाही. नळ्या दोन असतात: बारीक, बहुधा दोन सुती (पाव इंच), आणि जाड, दीड टनाला बहुधा चार सुती (अर्धा इंच). आपल्या घरगुती स्प्लिटमध्ये गॅसचा दाब उतरवून त्याला गार करणारी कॅपिलरी किंवा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बाहेरच्या डब्यातच असतो, त्यामुळे बारीक नळीही गारच असते. गॅस बरोबर असेल तर वीस मिनिटांनी दोन्ही नळ्या गार लागतात आणि जाड नळीच्या व्हॉल्व्हवर घाम सुटतो, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीसारखा. गॅस कमी असेल तर चित्र उलटे दिसते. बारीक नळीच्या नटापाशी पांढरे हिव धरते आणि जाड नळी कोरडी, कोमट राहते. आत शिरलेला थोडासा गॅस कॉइलच्या सुरुवातीच्याच भागात उकळून संपतो. पुढची सगळी कॉइल रिकामी फिरते, आणि परत येणारी वाफ तापलेली असते.

आतल्या कॉइलवरही हेच दिसते. जाळी उघडून पाहिले तर एका कोपऱ्यात बर्फाची पट्टी आणि बाकी कॉइल कोरडी. सगळ्या कॉइलभर सारखा बर्फ असेल आणि जाड नळीवरही बर्फ आला असेल, तर गॅसच्या आधी हवेवर संशय घ्या. फिल्टर बुजला असेल नाहीतर ब्लोअर, म्हणजे आतला हवा फेकणारा पंखा.

बर्फ दिसला तर मशीन बंद करून नुसता पंखा मोडवर दोन-तीन तास चालवा आणि खाली टॉवेल टाकून ठेवा. स्क्रूड्रायव्हरने किंवा सुरीने बर्फ उकलायला जाऊ नका. पर्वरीत एका घरी मुलाने वडिलांना मदत म्हणून हेच केले. नळीची भिंत मिलिमीटरहूनही पातळ असते. जी गळती तोवर नव्हती, ती त्या दुपारी झाली.

कमी गॅसवर मशीन तसेच रेटत राहू नये याचे कारण कॉम्प्रेसर. परत येणाऱ्या गार वाफेनेच तो थंड राहतो. ती वाफ कमी झाली आणि तापलेली आली की कॉम्प्रेसर गरम होतो, ओव्हरलोडवर बंद पडतो, अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होतो. महिनाभर असे चालले की जी दुरुस्ती एका नटावर भागली असती ती कॉम्प्रेसरवर जाते.

गॅसचे नाव, आजार वेगळा

फोंड्याला एका घरी तीन वर्षांत दोनदा गॅस 'भरला' गेला होता. मी जाळी काढली. ब्लोअरच्या पात्यांवर काळी, चिकट साय. देवघर त्याच खोलीत, एसीच्या अगदी खाली. रोजच्या धूप-अगरबत्तीची काजळी आणि आपल्याकडची ओल यांनी पात्यांची पोकळीच भरून गेली होती. ब्लोअर काढून धुतला आणि फरक ५ अंशांवरून १० वर आला. गॅसला हातही लावावा लागला नाही.

वाळपईला आणखी निराळी गोष्ट. चिऱ्याच्या भिंतींचे जुने घर, वर मंगळुरी कौले, खाली सीलिंग नाही. मशीन उत्तम चालत होते, फरक ११ अंश. पण गार हवा खोलीत टिकेल कशी? दुपारी तापलेल्या कौलांची उष्णता खाली उतरायची आणि फटींतून दमट हवा आत यायची. त्या गृहस्थांना मी गॅस विकला असता तरी त्यांनी विश्वासाने घेतला असता. सीलिंग करून घ्या म्हटले.

बाकीची कारणे झटपट सांगतो. बाहेरच्या डब्याची कॉइल मातीने, पिसांनी बुजलेली. साध्या, इन्व्हर्टर नसलेल्या मशीनचा कॅपॅसिटर अशक्त झालेला, मग बाहेरचा पंखा फिरतो पण कॉम्प्रेसर उचलत नाही. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलेले. बाहेरच्या पंख्याची मोटर मंद झालेली. साध्या मशीनवर मेकॅनिकने क्लॅम्प मीटर लावला तर बरेच कळते. दीड टनाचे मशीन साधारण सात-आठ अँपिअर घेते. गॅस बराच कमी असेल तर ते चार-पाचवर येते, कारण कॉम्प्रेसरला दाबायलाच काही नसते. कंडेन्सर, म्हणजे बाहेरची कॉइल, बुजला असेल तर उलट अँपिअर चढतात. इन्व्हर्टरवर मात्र हा हिशेब चालत नाही, वेग बदलला की अँपिअर बदलतात.

गेज काय सांगतो आणि काय सांगत नाही

या कामातली सर्वांत मोठी फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून लिहितो.

मशीन बंद करून चार-पाच तास झाले असतील तर आतला दाब फक्त तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-३२चा दाब साधारण २६५ पीएसआय (गेजवर दाब मोजायचे एकक) असतो, आर-२२चा १५८च्या आसपास. आणि आत थोडा जरी द्रव उरला असेल तरी दाब तेवढाच दिसतो, मग गॅस ९०० ग्रॅम असो की ५००. म्हणजे बंद मशीनवर गेज लावून 'गॅस फुल आहे' म्हणणाराही चुकतो. दाब याहून बराच खाली असेल तर एवढे मात्र नक्की, की द्रव उरलेला नाही, जवळजवळ सगळा गॅस गेला आहे.

चालू मशीनवर आर-२२चा सक्शन दाब (कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या वाफेचा) ६० ते ७० पीएसआय आणि आर-४१०एचा ११० ते १३०, हे आकडे आम्ही सगळे शिकलो. आर-३२चा त्याच्या थोडा वर. पण इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग घटला की सक्शन दाब चढतो, वेग वाढला की उतरतो. रात्री बरोबर भरलेला गॅस दुपारी दोनला कमी 'दिसतो', आणि कुणीतरी आणखी भरतो. जादा गॅसनेही मशीन नीट गार करत नाही आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून गॅस वजनाने भरायचा. बाहेरच्या डब्यावरच्या पट्टीवर गॅसचे नाव आणि ग्रॅम छापलेले असतात. नळी ठरावीक लांबीपेक्षा जास्त असेल तर दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचे ते कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. मेकॅनिकच्या पिशवीत वजनकाटा नसेल तर गॅस भरू देऊ नका.

भोक शोधणे

आता बाईंच्या घराकडे वळतो.

आधी डोक्यात हिशेब केला. मशीनमध्ये ९०० ग्रॅम गॅस. वर्षभरात साडेतीनशेच्या आसपास गेला, म्हणजे दिवसाला एक ग्रॅम. एक ग्रॅम आर-३२ हवेत आला की अर्ध्या लिटरच्या जवळपास वायू होतो. तो चोवीस तासांत वाटला तर मिनिटाला जेमतेम एक तृतीयांश मिलिलिटर. एवढ्या बारीक गळतीवर साबणाचा फेस लावून दहा सेकंद पाहणारा माणूस 'लीक नाही' असेच सांगणार. मागच्या वर्षी मी तेच केले होते.

गॅसला वास नसतो, पण त्याच्याबरोबर मशीनमधले तेल थोडे थोडे बाहेर पडते. म्हणून फेसाच्या आधी तेल शोधायचे. बाहेरचे दोन्ही व्हॉल्व्ह पाहिले: स्वच्छ. त्यांच्या टोप्या काढून पाहिल्या, पिन व्हॉल्व्ह पाहिला: कोरडा. मग आतला डबा भिंतीवरून थोडा उचलून धरला. मागे दोन नटांचा जोड असतो, काळ्या फोममध्ये गुंडाळून वर पांढरी टेप मारलेली. ती टेप कुणी उघडत नाही, कारण उघडायची म्हणजे पुन्हा गुंडाळायची. मी ब्लेडने उभी चीर दिली. आतला फोम ओलसर होता. घामाच्या पाण्याचा असतो, वाटले. पण अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासली तर बोटे बुळबुळीत झाली आणि धूळ चिकटून काळी पडली. तेल.

उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. नायट्रोजन लावून ३५० पीएसआयपर्यंत नेला. कंपनीने दिलेली मर्यादा ओलांडायची नाही, आणि दाब द्यायला नायट्रोजनशिवाय काही वापरायचे नाही. ऑक्सिजन तर कधीच नाही. तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होतो. जाड नळीच्या नटावर भांडी धुण्याच्या साबणाचे पाणी ब्रशने लावले आणि टॉर्च धरून बसलो. बाईही चष्मा लावून शेजारी स्टुलावर बसल्या. पाऊण मिनिट काही नाही. मग नटाच्या खालच्या कडेला मोहरीएवढा एक बुडबुडा आला, तांदळाएवढा झाला, फुटला. आणि त्याच जागी दुसरा. "हाच का रे तो?" बाईंनी विचारले. हाच.

नट सोडला. नळीचे फुलवलेले तोंड एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला नखाएवढे अरुंद होते, वर बुरीची एक बारीक रेघ. बसवणाऱ्याने नळी हॅक्सॉने कापली असणार आणि रीमर फिरवला नसणार. अशा तोंडावर नट कितीही आवळला तरी सील बसत नाही. आवळून आवळून पितळी नटालाच चीर जाते.

दुरुस्ती कशी व्हावी

तोंड कापून नवे केले. कटरने कापायचे, नळीचे तोंड खाली धरून रीमर फिरवायचा म्हणजे किसणी आत पडत नाही, नट आधी नळीत घालायचा (हे विसरणारे रोज भेटतात), मग फ्लेअर करायचा, म्हणजे नळीचे तोंड फुलवायचे. तोंडाला मशीनच्या तेलाचा एक थेंब लावायचा, पहिले चार-पाच आटे बोटांनी फिरले पाहिजेत, आणि शेवट टॉर्क पान्याने: दोन सुती नट साधारण १५ न्यूटन मीटर, चार सुती ५५च्या आसपास. 'हाताचा अंदाज' हा शब्द मी माझ्या पोरांना कामात वापरू देत नाही.

मग पुन्हा नायट्रोजन, आणि या वेळी रात्रभर. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. दुपारी ३५ अंशांत ३५० पीएसआय लावले आणि सकाळी हवा २५ अंशांवर आली असेल तर गेज ३३८च्या आसपास दिसेल. ती गळती नाही, थंडीने वायू आकसला आहे. त्याहून खाली गेला तरच पुन्हा शोधायला लागायचे. बाईंकडे सकाळी काटा जिथे असायला हवा होता तिथेच होता.

त्यानंतर नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायला व्हॅक्युम पंप. मीटरवर ५०० मायक्रॉनच्या (आत उरलेल्या हवेचा दाब मोजायचे अतिबारीक एकक) खाली नेऊन पंप बंद करायचा आणि काटा पाहत थांबायचे. थोडा चढून थांबला तर आत ओल आहे, चढतच राहिला तर अजून गळती आहे. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा एवढी भिजलेली असते की उघड्या नळीत पाणी शिरायला वेळ लागत नाही, आणि आर-३२, आर-४१०एच्या मशीनमधले तेल ते पाणी स्पंजासारखे पिते. पुढे त्याचे आम्ल होते आणि कॉम्प्रेसरची वायंडिंग खाते. पावसात मी पंप दुप्पट वेळ चालवतो. काही जण पंप न लावता थोडा गॅस सोडून 'फुस्स' करून हवा काढतात. ते व्हॅक्युम नव्हे.

मेकॅनिक भावांना एक विनंती. गळक्या मशीनवर पंप डाउन (कॉम्प्रेसर चालवून सगळा गॅस बाहेरच्या डब्यात ओढून घेणे) करू नका. भोकातून हवा आत ओढली गेली तर हवा, तेल आणि दाब एकत्र येऊन कॉम्प्रेसर फुटू शकतो. आणि ब्रेझिंगच्या (ज्वाळेने नळी जोडण्याच्या) आधी गॅस पूर्ण काढा, नळीतून नायट्रोजन वाहता ठेवा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, आणि ज्वाळेत सापडला की त्यातून विषारी वायू तयार होतो.

खारा वारा आणि नवे फर्निचर

नटाची गळती सोपी, एका दिवसात मिटते. कॉइलची गळती मिटत नाही.

किनाऱ्यावर पश्चिमेकडच्या गॅलरीतला डबा आणि मागच्या बाजूचा डबा यांच्या वयात मला चार-पाच वर्षांचा फरक दिसतो, दोन्ही एकाच दिवशी बसवलेले असले तरी. ॲल्युमिनियमच्या फिन आणि तांब्याची नळी, मध्ये मिठाचे पाणी, म्हणजे जवळजवळ बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम आधी झिजते. बोट लावले की फिनचा पांढरा भुगा हातात येतो. तांबे तोवर वाचते, पण फिन गेल्या की उष्णता बाहेर पडत नाही आणि लोकांना वाटते गॅस गेला. नुसत्या ॲल्युमिनियमची कॉइल असेल तर तिथे वाचवायला तांबे नसते, नळीलाच भोके पडतात. डब्याचा लोखंडी तळ गंजून सैल झाला की नळ्या थरथरत पत्र्यावर घासतात, आणि एक दिवस तिथेही भोक पडते. उपाय साधा आहे. महिन्यातून एकदा मशीन आणि एमसीबी बंद करून बाहेरच्या कॉइलवर गोड्या पाण्याची सौम्य धार सोडा. प्रेशर जेट लावू नका, फिन वाकतात. नवे मशीन घेताना तांब्याची, लेप दिलेल्या फिनची कॉइल आहे का विचारा, आणि जागा असेल तर डबा समुद्राकडे पाठ करून लावा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. करंजाळ्याच्या एका नव्या फ्लॅटमध्ये दीड वर्षात आतली कॉइल फुटली. बदलली. पुन्हा वर्षभरात फुटली. नळीवर बाहेरून सुईच्या टोकाएवढे काळसर ठिपके, बाकी काही नाही. घरात प्लायवूडचे नवे फर्निचर, ताजे पॉलिश, बेडरूम दिवसभर बंद. प्लायचा गोंद, पॉलिश, व्हिनेगरसारखी साफसफाईची द्रव्ये यांतून आम्लांची वाफ निघते. ती ओल्या कॉइलवर बसते आणि तांबे बाहेरून आत पोखरत जाते. आपल्याकडे ज्याला रोयण म्हणतात त्या वारुळाच्या आत जशा वाकड्यातिकड्या वाटा असतात, तशाच वाटा नळीच्या भिंतीत तयार होतात. अशी कॉइल एका जागी ब्रेझ केली तर महिन्याभरात शेजारी गळते. ती बदलावीच लागते. तिसरी कॉइल लावण्याआधी मी त्या कुटुंबाला दोन महिने रोज खिडक्या उघड्या ठेवायला सांगितले. ती कॉइल अजून शाबूत आहे.

कुठला गॅस, कुठल्या मशीनमध्ये

पट्टीवर जो छापला आहे तोच. आर-२२च्या जुन्या मशीनमध्ये 'स्वस्तातला बदली गॅस' म्हणून प्रोपेन किंवा चक्क स्वयंपाकाचा गॅस भरणारे आहेत. ते मशीन अशा गॅससाठी बनवलेले नाही, ठिणगी पडली तर खोली पेटेल. आर-४१०एच्या मशीनमध्ये आर-३२ घालू नका. आर-४१०ए हे दोन गॅसांचे मिश्रण आहे, त्यामुळे तो द्रवरूपातच भरावा लागतो.

गॅस हवेत सोडून देणाऱ्यांसाठीही एक आकडा. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो आर-३२ हा ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडएवढी पृथ्वी तापवतो. आर-२२ सुमारे १,८१० किलोएवढी, आणि ओझोनला खातो ते वेगळे. १९८७चा माँट्रियल करार ओझोनसाठी झाला, २०१६ची किगाली दुरुस्ती या नव्या गॅसांसाठी, आणि भारताने ती २०२१मध्ये मान्य केली. आमच्या हातातल्या ॲलन कीचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

घरात फुसफुस ऐकू आली आणि मशीन एकदम गार करायचे थांबले तर मशीन बंद करा, खिडक्या उघडा, देवापुढची समई आणि गॅसची शेगडी विझवा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो. खाली गादी घालून मूल झोपले असेल तर आधी त्याला उचला. गळत्या जागी बोट लावू नका, द्रव गॅसने कातडी गोठते.

मेकॅनिकला विचारा

गळती कुठे आहे ते मला दाखवा. नायट्रोजन किती वेळ ठेवणार? व्हॅक्युम किती वेळ? गॅस वजन करून भरणार ना? एवढे चार प्रश्न. चांगल्या मेकॅनिकला त्यांचा राग येत नाही. त्याला बरेच वाटते की कुणीतरी कामाकडे पाहते आहे. हे सगळे करायला पूर्ण दिवस जातो आणि नुसत्या गॅस भरण्यापेक्षा पैसे जास्त पडतात, हे मी आधीच सांगून टाकतो. वॉरंटी चालू असेल तर बाहेरच्या माणसाला नट सोडू देण्याआधी कागद वाचा.

बाईंनी त्या दिवशी डब्याच्या बाजूला कागदाची पट्टी चिकटवली आणि शाळेच्या अक्षरात तारीख, गॅसचे ग्रॅम आणि आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे आकडे लिहिले. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्या स्वतः थर्मामीटर लावतात. या एप्रिलला फिल्टर पाहायला म्हणून गेलो तेव्हा पट्टी चौथ्या कागदावर पोचली होती. शेवटची ओळ: आत २९, बाहेर १९.